वर्कशॉपमधल्या हत्यारांची आणि मटेरियलची इंग्रजी नावं कशी शिकायची

ए टू झेड यादी पाठ करायला बसू नका. त्या यादीत ऐरणीचा अँव्हिल आणि मोठ्या गिरमिटाचा ऑगर शेजारी-शेजारी येतात, कामात त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, मग लक्षात राहणार कसं? त्यापेक्षा सगळी हत्यारं टेबलावर काढा आणि कामाप्रमाणे ढीग करा.

मोजायच्या ढिगात मेजरिंग टेप, गुण्या म्हणजे ट्राय स्क्वेअर, ओळंबा म्हणजे प्लंब बॉब (प्लंबमधला शेवटचा बी उच्चारत नाहीत, प्लम बॉब म्हणायचं). धरायच्या ढिगात पक्कड म्हणजे कॉम्बिनेशन प्लायर्स, सांडशी म्हणजे टाँग्स, शेगडा म्हणजे बेंच व्हाइस. कापायच्यात करवत म्हणजे हँड सॉ, लोखंड कापायची हॅकसॉ, सुताराची पटाशी म्हणजे वूड चिझल आणि लोखंडावर चालते ती छिन्नी म्हणजे कोल्ड चिझल. घासायच्यात रंधा म्हणजे प्लेन, कानस म्हणजे फाईल, पॉलिश पेपर म्हणजे सँडपेपर. एका वेळी एकच ढीग घ्या, प्रत्येक हत्यारावर कागदी पट्टी चिकटवा आणि हत्यार हातात धरून नाव मोठ्याने म्हणा.

मग लांबलचक नावं तोडायला शिका, माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. इंग्रजीत शेवटचा शब्द हत्याराचा असतो आणि आधीचे सगळे त्याचं वर्णन करतात. उदाहरणार्थ टेन इंच हाफ राउंड बास्टर्ड फाईल. फाईल म्हणजे कानस, हाफ राउंड म्हणजे एक बाजू सपाट आणि एक गोलसर, टेन इंच ही लांबी, पण ती मुठीत जाणारं निमुळतं टोक सोडून मोजतात, त्या टोकाला टँग म्हणतात. आणि बास्टर्ड ऐकून दचकू नका, कानशीचे दात किती जाड हे सांगणारा तो रीतसर शब्द आहे, त्याहून बारीक सेकंड कट आणि त्याहून बारीक स्मूथ. ही एक कानस नीट समजली की फ्लॅट फाईल, राउंड फाईल, ट्रायअँग्युलर फाईल वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

पुढची अडचण म्हणजे इंग्रजी दोन आहेत, ब्रिटिश आणि अमेरिकन, आणि व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचा इथे फार गोंधळ होतो. पान्याला ब्रिटिश स्पॅनर म्हणतात, अमेरिकन रेंच (स्पेलिंगमधला पहिला डब्ल्यू गप्प). काम दाबून धरायचा ब्रिटिशांचा जी क्लॅम्प तोच अमेरिकनांचा सी क्लॅम्प, कापलेलं लाकूड इकडे टिंबर तर तिकडे लंबर, सांधे जोडायला वितळवतात त्या सोल्डरला अमेरिकन सॉडर म्हणतात, एल म्हणतच नाहीत. टॉर्च म्हटलं तर ब्रिटिश माणूस बॅटरी आणून देईल आणि अमेरिकन वर्कशॉपमध्ये ज्योतीचा टॉर्च समोर येईल, तेव्हा हा शब्द जपून. एक इंग्रजी पक्की धरा, दुसरी नुसती ओळखता आली तरी पुरे.

नावांबरोबर क्रियापदं घ्याच, कारण नुसतं नाव घेऊन काम सांगता येत नाही. आपण स्क्रू खोल म्हणतो म्हणून लोक ओपन द स्क्रू म्हणतात, तिथे अनस्क्रू किंवा लूझन हवं, आणि आवळायला टायटन. बरीच नावं तशीच क्रियापदं होतात, म्हणजे ड्रिल द होल, फाईल द एज, क्लॅम्प द बोर्ड, फक्त सँडपेपरचं छोटं करून सँड द सरफेस म्हणतात. प्लायर्स आणि टाँग्स कायम अनेकवचनी, एक पक्कड हवी असेल तर अ पेअर ऑफ प्लायर्स. आणि ड्रिल म्हणजे मशीन, पुढे फिरतं ते ड्रिल बिट, हे दोन वेगळे ठेवा म्हणजे मागवताना घोळ होणार नाही.

आता आकडे. पाकिटावर एम ८ बाय १.२५ बाय ४० लिहिलेलं असतं त्यात एम म्हणजे मेट्रिक, ८ मिलिमीटर बोल्टच्या आट्यांचा बाहेरचा व्यास, १.२५ म्हणजे पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, आणि ४० लांबी. साध्या षटकोनी डोक्याच्या या बोल्टला पाना मात्र १३ चा लागतो, ८ चा नाही, कारण पान्याचा आकडा डोक्याच्या रुंदीचा असतो. सँडपेपरवर ग्रिटचा, म्हणजे कणांच्या जाडीचा, आकडा जितका मोठा तितका कागद बारीक, ६० ने खरवडायचं, २२० ने फिनिशिंग. तारेच्या गेजचंही तसंच, आकडा वाढला की तार बारीक होते.

मटेरियलची नावं जोड्या लावून शिका. पितळ म्हणजे ब्रास, तांबं आणि जस्त, म्हणजे कॉपर आणि झिंक, आणि कांसं म्हणजे ब्रॉन्झ, त्यात तांब्याबरोबर कथील म्हणजे टिन. साधं पोलाद माइल्ड स्टील, ते वाकतं, आणि बीड म्हणजे कास्ट आयर्न, जे जोरात ठोकलं तर तडकतं. लाकडात हार्डवूड शब्दाचा अर्थ कडक लाकूड असा धरू नका, तो झाडाच्या प्रकारावरून आलाय, रुंद पानांच्या झाडांचं लाकूड हार्डवूड आणि पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचं सॉफ्टवूड, त्यामुळे मॉडेलसाठी वापरतात ते हलकंफुलकं बाल्सा हार्डवूडमध्ये मोडतं. म्हणून लाकूड मागवताना नुसतं हार्डवूड न लिहिता झाडाचं नाव, जाडी, रुंदी, लांबी एवढं सगळं लिहा.