फसव्या जाहिरात-मेलवर अमेरिकेत दावा कसा लावायचा

‘शेवटचे काही तास! निम्म्या किमतीची सूट आज रात्री संपणार.’ मेल मंगळवारी आली. गुरुवारी पाहिलं तर तीच सूट, तेच कपडे, आणि सब्जेक्टमध्ये पुन्हा ‘शेवटचे काही तास’. तुम्ही सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंडकडे राहत असाल तर ही मेल वैतागून उडवू नका. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात अशा ओळीला किंमत आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. नको असलेली मेल आली एवढ्यावर अमेरिकेत दावा उभा राहत नाही. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये तसा प्रयत्न केला होता: आधी परवानगी, मगच जाहिरात. पण त्याच डिसेंबरमध्ये केंद्राचा ‘कॅन-स्पॅम’ कायदा मंजूर झाला, १ जानेवारी २००४ पासून लागू झाला, आणि राज्यांचे असे नियम त्याने निकामी केले. केंद्राचा कायदा म्हणतो, न विचारता पाठवा, पण टपालाचा खरा पत्ता द्या आणि कुणी ‘पुरे’ म्हटलं की कामकाजाच्या १० दिवसांत थांबा. शिवाय या कायद्याखाली सामान्य माणसाला स्वतः कोर्टात जाता येत नाही. राज्यांच्या हाती एकच तुकडा उरला: मेलमधला खोटेपणा आणि फसवणूक. आपला दावा उभा राहतो तो तिथे.

पायरी १ : तुमचं राज्य काय देतं ते पाहा

वॉशिंग्टनचा कायदा १९९८ चा. राज्याच्या संहितेत प्रकरण १९.१९० वाचा. त्यात मेल मिळणाऱ्याला दर मेलमागे ५०० डॉलर भरपाई ठेवली होती. कॅलिफोर्नियात कलम १७५२९.५ आहे : दर मेलमागे १,००० डॉलरपर्यंत, पण कंपनीने काळजी घेण्याची नीट व्यवस्था ठेवली होती असं दिसलं तर १०० पर्यंतच. आमदार मंडळी या आकड्यांना अधूनमधून हात लावतात, म्हणून दावा लावायच्या आठवड्यातला मजकूर विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पाहा. कुणाच्या जुन्या लेखावर (याही) विसंबू नका.

मेल-खातं पुण्यात असताना उघडलेलं असलं तरी चालतं. वॉशिंग्टनमध्ये प्रश्न असा की हा पत्ता राज्यातल्या रहिवाशाचा आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक होतं का, किंवा असायला हवं होतं का. ज्या दुकानाने तुमच्या घरी खोकी पोचवली, त्याला ‘माहीत नव्हतं’ म्हणणं जड जातं.

पायरी २ : खोटं नेमकं कुठे आहे ते बोटाने दाखवा

मेल मुळात व्यापारी हवी. मंडळाच्या गणेशोत्सवाचं आमंत्रण किंवा खरेदीची पावती यात धरू नका. मग खोटं शोधायचं ते दोन जागी : सब्जेक्टमध्ये, आणि मेल कुठून निघाली, कोणत्या वाटेने आली या माहितीत.

जुनं उदाहरण ओरेगॉनच्या जेसन हेकेलचं. इंटरनेटवर पैसे कसे कमवावेत याची ४६ पानी पुस्तिका तो ३९.९५ डॉलरला विकायचा आणि त्यासाठी आठवड्याला १ ते १० लाख मेल सोडायचा. सब्जेक्ट असायचा ‘हाच तुमचा बरोबर मेल-पत्ता ना?’ अशा थाटाचा. ओळखीचं कुणी असेल म्हणून माणूस उघडायचाच. एवढं करून महिन्याला पुस्तिका खपायच्या ३० ते ५०! एका राज्याने दुसऱ्या राज्यातल्या व्यापारात अडथळा आणू नये, हा त्याचा बचाव होता. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तो फेटाळला : कायदा फक्त खरं बोला म्हणतो, त्याचं ओझं कसलं?

नवं उदाहरण ‘ओल्ड नेव्ही’ या कपड्यांच्या दुकानसाखळीचं. सूट चालूच राहणार असताना ‘आज संपते’ असं सब्जेक्टमध्ये लिहिल्याचा आरोप होता. मेल जाहिरात आहे हेच लपवलं तरच गुन्हा, असा कंपनीचा अर्थ. त्याच न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की सब्जेक्टमधली कुठलीही खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती कायद्यात बसते. ‘आजवरची सर्वात झकास ऑफर’ ही मात्र नुसती बढाई. तिच्यामागे धावू नका.

पायरी ३ : पुरावा मूळ स्वरूपात ठेवा

माझी इथेच फजिती झाली. एका दुकानाच्या वीसेक मेल मी माझ्याच दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड केल्या आणि मूळच्या उडवून मोकळा झालो. नंतर हेडर (मेल कुठून, कोणत्या वाटेने आली याची तिला जोडलेली नोंद) उघडले तर प्रत्येकात पाठवणारा मीच! फॉरवर्ड केलं की मूळ हेडर जातो.

जीमेल संगणकावर उघडा, मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके दाबा, ‘शो ओरिजिनल’ निवडा आणि फाइल उतरवून घ्या. त्यात ‘रिसीव्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या. सर्वात वरची तुमच्या मेल-सेवेने लिहिलेली, म्हणून भरवशाची. खालच्या कुणीही बनवू शकतो. ‘फ्रॉम’मधल्या नावाला तर काडीची किंमत नाही. सूट संपण्याबद्दल तक्रार असेल तर दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. तो नसेल तर बाकी सगळं फुकट.

पायरी ४ : पाठवणारा गाठा

टपालाचा पत्ता मेलच्या तळाशी असतो. त्यावरून राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या नोंदीत कंपनी आणि तिचा नोंदणीकृत एजंट शोधा. समन्स त्याच्यावर बजावतात. डोमेनचा (मेल-पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाचा) मालक शोधूनही सापडत नसेल तर ते टिपून ठेवा. कॅलिफोर्नियात माग न लागणाऱ्या डोमेन-नावांखाली मेल पाठवणं हीच हेडरमधली फसवणूक ठरली आहे. नामांकित कंपनी असेल तर अनसबस्क्राइब करून तारीख लिहा. उघड भामटा असेल तर त्या दुव्याला हात लावू नका, पत्ता जिवंत असल्याचं त्याला कळतं. तो कुठल्या देशात बसलाय याचा पत्ता नाही, तर दावा तरी कुणावर लावणार?

पायरी ५ : कोर्ट

थोडक्या मेल असतील तर स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट बरं, वकील लागत नाही. व्यक्तीसाठी दाव्याची मर्यादा वॉशिंग्टनमध्ये १०,००० डॉलर, कॅलिफोर्नियात १२,५००. शेकडो मेल असतील तर वकील गाठा. अ‍ॅटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाकडे, तक्रार फुकट होते. हेकेलवर खटला त्यांच्याच कार्यालयाने भरला होता.

मात्र मेल गोळा करत बसू नका. वॉशिंग्टनच्या एका गृहस्थाने असे दावे हेच उत्पन्नाचं साधन केलं होतं. २००९ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

सुनावणीला लॅपटॉप उघडून इनबॉक्स चाळत बसलात तर वेळ संपेल. दर मेलमागे एक कागद : तारीख, सब्जेक्ट, त्यातलं खोटं. आणि सर्वात वर मंगळवारची मेल, तिला टाचलेला गुरुवारचा स्क्रीनशॉट.