मुलांची लेखी आकडेमोड तपासताना या चुका टाळा

६०२ वजा २३७ या उदाहरणाचे उत्तर ३६५ आहे. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी संध्याकाळी गणिताला बसणाऱ्या सहावीतल्या एका मुलाने ते २७५ काढले होते, त्याच्या वर्गातल्या मुलीने ४६५ काढले होते, आणि दोघांच्याही वहीत शाळेतून सारखीच लाल फुली व ‘ध्यान से करो’ एवढाच शेरा आला होता. वास्तविक दोघांनीही लक्ष देऊनच ते उदाहरण सोडवले होते. मुलाचे उत्तर बरोबर ९० ने कमी आहे आणि मुलीचे बरोबर १०० ने जास्त. निष्काळजीपणाने झालेली चूक इतकी नेमकी क्वचितच असते. म्हणून पालकांनी टाळायची पहिली चूक म्हणजे उत्तर चुकले की ‘धांदरट आहे’ असा निकाल देणे.

त्या मुलाला एककस्थानी दोनातून सात वजा करता येईनात, म्हणून तो दशकाकडे गेला. तिथे शून्य दिसल्यावर ते ओलांडून त्याने शतकाच्या सहामधला एक घेतला आणि तो थेट एककाला दहा म्हणून दिला. म्हणजे शंभराची नोट मोडली, पण हातात दहाच रुपये घेतले. उरलेले नव्वद वाटेत राहिले. मुलीला शून्याचे नऊ करायचे हे पाठ होते, पण ते नऊ कोणाकडून आले हे ठाऊक नव्हते, त्यामुळे तिच्या सहाचे पाच झालेच नाहीत आणि शंभर रुपये फुकट मिळाले. १९७८ मध्ये अमेरिकेतील जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी वजाबाकीतल्या अशाच चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. संगणकाच्या आज्ञावलीत एखादा दोष राहिला की ती दर वेळी त्याच रीतीने चुकते, तसेच मूलही बहुधा एका सदोष नियमाचे काटेकोर पालन करत असते, असा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. तो नियम कोणता हे कळेपर्यंत तीच रीत पुन्हा समजावून सांगण्याचा उपयोग होत नाही. मूल मान डोलावते आणि आपल्याच नियमाने पुढचे उदाहरण सोडवते.

यावर मी दोन उपाय करते. शंभराच्या सहा नोटा आणि रुपयाची दोन नाणी समोर ठेवून २३७ रुपये मागितले, की नोट आधी दहाच्या नोटांमध्ये मोडावी लागते आणि मग त्यांतली एक सुट्या नाण्यांत, हे सांगावे लागत नाही. दुसरा उपाय कागदावरचा आहे. ६०२ म्हणजे सहा शतक, शून्य दशक, दोन एकक असे न वाचता साठ दशक आणि दोन एकक असे वाचावे. साठातला एक दशक सुटा केला की एकोणसाठ दशक आणि बारा एकक उरतात. शून्य मध्ये येतच नाही, त्यामुळे दोन्ही मुलांची चूक व्हायला जागाच राहत नाही. शाळेत हे सहसा सांगत नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते.

घरची रीत आणि शाळेची रीत एकाच उदाहरणात आणू नका

मराठी घरांत आजी-आजोबा शिकवायला बसले की वेगळाच घोटाळा होतो. माझे आजोबा हीच वजाबाकी अशी म्हणत: ‘बारातून सात गेले पाच, हातचा एक, तीन आणि एक चार, दहातून चार गेले सहा, हातचा एक, दोन आणि एक तीन, सहातून तीन गेले तीन.’ या रीतीत वरच्या संख्येतले काही मोडत नाहीत. वर दहा एकक वाढवले तर खाली एक दशक वाढवतात. शाळेची रीत मात्र वरचा दशक सुटा करण्याची आहे. दोन्ही रीती बिनचूक आहेत, पण मुलाने त्या एकत्र केल्या की ५२ वजा ३८ मध्ये वरच्या पाचाचे चार होतात, खालच्या तिनाचेही चार होतात आणि उत्तर १४ ऐवजी ४ येते. इंदूरच्या मुलांना शब्दही फसवतात. शाळेत बेरजेत ‘हासिल’ असतो आणि वजाबाकीत ‘उधार’. घरी दोन्हीकडे ‘हातचा’ ऐकू येतो, त्यामुळे तो कुठे मिळवायचा आणि कुठून काढायचा हे गुलदस्त्यातच राहते.

शाळेची रीत पक्की होईपर्यंत आजोबांनी थोडे थांबावे, आणि नंतर आपली रीत कारणासह सांगावी. आजोबा आणि नातू यांच्या वयातला फरक दोघांचाही वाढदिवस होऊन गेल्यावर तेवढाच राहतो. दोन्ही संख्यांत दहा मिळवले तरी वजाबाकी बदलत नाही, ती त्याच कारणाने. सहावीतल्या मुलाला हे सहज पटते. जाता जाता आणखी एक गोष्ट: आजोबांनी वहीत देवनागरी अंक लिहू नयेत. त्यांचा ‘१’ इथल्या मुलांना आंतरराष्ट्रीय अंकांतला नऊ वाटतो, आणि मग चूक कोणाची हे शोधण्यात अर्धा तास जातो.

गुणाकारात ‘फुली मारायची’ एवढेच सांगून थांबू नका

दोन अंकी गुणकाने गुणताना दुसऱ्या ओळीच्या शेवटी फुली किंवा शून्य लिहायचे असते. ते का, असे आठवीतल्या मुलांना विचारले तरी ‘टीचर म्हणतात म्हणून’ हेच उत्तर मिळते. जी गोष्ट केवळ सांगितल्यावरून केली जाते, ती घाईत सर्वांत आधी विसरली जाते. मग १३५ गुणिले १२ मध्ये २७० च्या खाली १३५ नेमके अंकाखाली अंक येतात आणि बेरीज ४०५ होते. हे उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे, कारण भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त गुणाकारासाठी हेच दिलेले आहे आणि ते अनेक रीतींनी सोडवून दाखवले आहे. त्यांतल्या एका रीतीत बाराचे दहा आणि दोन असे भाग पाडतात: १३५ दुणे २७०, १३५ दाहे १३५०, मिळून १६२०. मुलाने आठ दिवस या दोन ओळींच्या शेजारी ‘दोनाचे’ आणि ‘दहाचे’ असे शब्दांत लिहिले, की फुलीच्या जागी काय आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

गुणाकारातली दुसरी चूक हातच्याची आहे. ४०७ गुणिले ६ करताना साती सक बेचाळीस, दोन लिहिले, हातचे चार. पुढे काही मुले ते चार आधी शून्यात मिळवतात आणि मग सहाने गुणतात. असे करत गेले की २४४२ ऐवजी ३६४२ येते. बेरजेत हातचा आधी मिळवायची सवय लागलेली असते, तीच इथे आडवी येते. हातचे चार हे चार दशक असून त्यांचा गुणाकार आधीच होऊन गेला आहे, हे एकदा दाखवले की पुरते.

भागाकारातले हरवलेले शून्य

२४१८ भागिले ६ याचे उत्तर ४०३. वह्यांत सर्रास ४३ दिसते. चोवीसला सहाने भागून चार आले, पुढचा एक खाली घेतला, त्यात सहा जात नाहीत, म्हणून लगेच आठ खाली घेतला आणि तीन लिहिले. ‘जात नाहीत’ हेही एक उत्तर आहे आणि ते शून्याने लिहावे लागते, हे मुलाच्या ध्यानात येत नाही. जुन्या मांडणीत भागाकार उजवीकडच्या कंसाबाहेर लिहीत, तिथे तर स्थानांचा काहीच आधार नसतो. भागाकार भाज्याच्या डोक्यावर, ज्या अंकापर्यंत भाग गेला त्याच अंकावर लिहिला, तर एकच्या वरची रिकामी जागा डोळ्यांना खुपते. चौकटींची वही याच कामाची आहे. नीटनेटकेपणासाठी ती घेऊ नये. त्याशिवाय भागायच्या आधी अंदाज बोलून घ्यावा: सहा चोक चोवीस, म्हणजे चोवीसशेला चारशे. त्यानंतर ४३ लिहिणारे मूल स्वतःच थबकते.

नवाच्या ताळ्यावर विसंबू नका

घरातल्या वडीलधाऱ्यांचा नवाच्या ताळ्यावर, म्हणजे अंकांची एक अंक उरेपर्यंत बेरीज करून उत्तर पडताळण्याच्या रीतीवर, फार विश्वास असतो, पण आतापर्यंतच्या बऱ्याच चुका या ताळ्याला दिसतच नाहीत. ४०३ च्या अंकांची बेरीज सात, ४३ चीही सातच. ३६५ चे चौदा, म्हणजे पाच. २७५ चेही चौदा, म्हणजे पाच. १६२० आणि ४०५ दोन्हींचे नऊ. याचे कारण साधे आहे: एक, दहा, शंभर या सर्वांना नवाने भागले तर बाकी एकच उरते, म्हणून अंक चुकीच्या स्थानी गेला तरी नवाच्या लेखी काही बिघडत नाही, आणि लेखी रीतीतल्या नेहमीच्या चुका तर स्थानाच्याच असतात. अकराचा ताळा इथे अधिक उपयोगी आहे. एककाकडून सुरुवात करून अंक आळीपाळीने मिळवावेत आणि वजा करावेत. ६०२ चे आठ, २३७ चे सहा, फरक दोन. ३६५ चेही दोन येतात, २७५ चे मात्र शून्य येते आणि चूक उघडी पडते. अंक एकदम दोन स्थाने सरकला असेल तर मात्र हाही ताळा फसतो, म्हणून अंदाज सोडू नये.

दशांश अपूर्णांकांतही मूळ तेच आहे. ३.५ आणि ०.२५ यांची बेरीज उजवीकडे सरळ रेषेत मांडून ०.६० लिहिणारे मूल पूर्णांकांची सवय पाळत असते. साडेतीन किलो आणि पाव किलो, म्हणजे पावणेचार, हे त्याला किराण्याच्या दुकानात तोंडी येते. तेच वहीत ३.७५ असे लिहून घ्यावे.

चूक सापडली म्हणून त्याच दिवशी पन्नास उदाहरणे देऊ नयेत. तीन द्यावीत, पण ती अशी निवडावीत की जुना नियम वापरला तर नक्की चुकतील, आणि मुलाला बोलत बोलत सोडवू द्यावे. आमच्याकडच्या त्या मुलाला मी दोन दिवसांनी ८०० वजा ४५६ दिले. ‘अस्सी के उन्यासी’ असे पुटपुटत त्याने ३४४ लिहिले. मी खुशीत म्हटले, ‘बरोबर, ऐंशीचे एकोणऐंशी.’ त्याने पेन्सिल थांबवून विचारले, ‘मावशी, एकोणऐंशी म्हणजे उन्यासी की नवासी?’