पोरांची गँग घरी जेवायला येणार असेल तर

शनिवारी मुलं मित्रमैत्रिणींना घेऊन येणार असतील ना, तर चार पदार्थ करत बसू नका, एकच मोठं पातेलं आणि वरून घालायला दोनतीन गोष्टी, बास. माझ्या मते पास्ता बेस्ट. एरवी माणशी १०० ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो पण वाढत्या वयात १२५ तरी धराच, भूक खरंच जास्त असते आणि दुसऱ्याच्या घरी पोरं लाजून परत मागत नाहीत. मीठ घातलेल्या भरपूर पाण्यात शिजवा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या एक मिनिट आधी काढा आणि ते पाणी कपभर सॉसमध्ये घालायला बाजूला ठेवा, त्यात स्टार्च असतो म्हणून सॉस पास्त्याला छान चिकटतो. सॉस आदल्या दिवशीच करा, टोमॅटो कांदा लसूण, आणि त्यात शिजवलेला राजमा नाहीतर चिकन टाका, नुसत्या पास्त्याने लवकर परत भूक लागते.

ओव्हन असेल तर अख्खे बटाटे काट्याने टोचून २०० डिग्रीला तासभर ठेवायचे, मधे चिरून चीज, मका, दही समोर मांडून द्या, ज्याचं तो भरून घेईल, आणि यात पोरांना मजा येते हो.

कोणाला शेंगदाणे, दूध, अंडं चालत नाही ते आधीच विचारा, हे अजिबात विसरू नका. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.