टांका बांधायचा तर आधी आगोर राखा

मी मूळची जत तालुक्यातली. लग्नानंतर राजस्थानात, फलोदीजवळच्या एका ढाणीवर राहायला आले, त्याला आता अकरा वर्षं झाली. ढाणी म्हणजे आपली वस्ती. इथलं भूजल खारट. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि कितीतरी गावांत त्यात फ्लोराइडही आहे. म्हणून पिण्याचं पाणी पावसाचंच. त्याला इथे 'पालर पाणी' म्हणतात आणि ते साठवायच्या जमिनीखालच्या हौदाला 'टांका'. गडकिल्ल्यांवरची टाकी पाहिलेल्या मराठी माणसाला हा शब्द परका वाटायला नको.

टांका म्हटला की लोक खड्ड्याचाच विचार करतात. मीही तेच केलं होतं. खड्डा गवंडी पंधरवड्यात करून देतो. खरं काम त्याच्याभोवतीच्या उतरत्या अंगणाचं, म्हणजे आगोराचं असतं, आणि ते दरवर्षी करावं लागतं.

सुरुवात हिशेबाने करा. घरात सहा माणसं, पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज १० लिटर. म्हणजे दिवसाला ६० आणि वर्षाला सुमारे २२ हजार लिटर. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, लोक तिला 'काजरी' म्हणतात, कुटुंबासाठी सुचवलेला टांका २१ हजार लिटरचा आहे, तो याच बेताने. तीन मीटर व्यास आणि तीन मीटर खोली घेतली की तेवढं पाणी मावतं.

आता आगोर किती? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पण माती बरंच पिऊन टाकते. आम्ही दहातले तीनच भाग हाती येतील असं धरतो, आणि पाऊसही वाईट वर्षाचा, २०० मिलिमीटर. त्या हिशेबाने ३५० चौरस मीटर जागा लागते. टांका मधोमध ठेवून भोवती साडेदहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं की झालं. चांगल्या वर्षाचा पाऊस धरून आगोर लहान करू नका. पाण्याची गरज वाईट वर्षीच जास्त असते.

जागा थोडी उंचावरची निवडा. गोठा, शौचालय, उकिरडा यांचं पाणी त्या बाजूला वाहता कामा नये. विलायती बाभूळ जवळ असेल तर आधी मुळासकट काढा, तिची मुळं भिंतीत शिरतात. खेजडी मात्र तोडू नका, थोडं सरकून बांधा. खेजडी म्हणजे आपली शमी. ती वाचवताना १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला. त्या मुलखात टांक्यासाठी खेजडीवर कुऱ्हाड चालवणं मला पटत नाही.

आगोरावरची झुडपं आणि गवत काढून वर 'मुरड' पसरा. आपला मुरूमच तो. पाणी शिंपडून धुमसाने चोपा आणि उतार टांक्याकडे द्या. दहा मीटरला फूटभर पुरे. उतार जास्त झाला तर पाणी माती घेऊन येतं. कडेने वीतभर बांध घाला, म्हणजे बाहेरचं पाणी आत शिरत नाही.

पाणी आत जायच्या तोंडापाशी दीड फुटाचा गाळखड्डा हवाच. आम्ही पहिल्या वर्षी तो केला नाही. श्रावणात टांका भरलेला पाहून मी आनंदाने रडले होते. फाल्गुनात तळ लागला, तेव्हा खाली वीतभर चिखल आणि लेंड्या होत्या. शेजारच्या काकीसा दोन दिवस माझ्याबरोबर गाळ उपसत होत्या. तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवा, नाहीतर उंदीर आणि साप आत जातात. जास्तीचं पाणी बाहेर पडायला समोरच्या बाजूला दुसरं तोंड ठेवा. वरून जोधपुरी दगडाच्या पट्ट्या, झाकण आणि कुलूप. कुलूप पाण्याच्या चोरीसाठी नाही. खेळता खेळता मूल आत पडू नये, म्हणून.

आखातीज झाली, म्हणजे आपली अक्षय तृतीया, की आगोर झाडायला घ्या. उंदरांची बिळं बुजवा, फुटलेला मुरूम पुन्हा चोपा. आषाढापर्यंत शेळ्यांना आत येऊ देऊ नका. आगोरावर चप्पल घालून कुणीच जात नाही. पाहुणा असला तरी काकीसा त्याला कडेलाच थांबवतात. पहिल्या पावसाचं पाणी आत घेऊ नका, तोंडाला बोळा लावून ते बाहेर सोडा. आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हे फार जड जातं, मला अजूनही जातं, पण वर्षभराची धूळ त्याच पाण्यात असते.

भरलेल्या टांक्याला सुमारे ५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. ती बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढंच आत ओता. निदान तासभर थांबा, मग पाणी काढा. टांका अर्धा असेल तर पावडरही अर्धी.

बादलीच्या दोराला दर फुटावर गाठ मारा. या मापाच्या टांक्यात फूटभर पाणी म्हणजे सहा माणसांचे पाच आठवडे. मी दर पौर्णिमेला गाठी मोजते आणि घरात सांगते. टँकर कधी बोलवायचा ते पाणी संपल्यावर ठरवायची वेळ येत नाही. टांका पार कोरडा पडू देऊ नका, उन्हाने गिलावा तडकतो. तळाशी वीतभर पाणी राहू द्या.

जतला भाऊ प्लास्टिक अंथरलेलं शेततळं बोअरच्या पाण्याने भरतो, त्याला मी हाच हिशेब लिहून पाठवला आहे. तिथे इथल्यापेक्षा पाऊस जास्त पडतो. घराचं पत्र्याचं छप्पर आणि मागचं खळं मिळून किती चौरस मीटर भरतं, ते मोजून कळव म्हटलंय. या आखातीजेला माहेरी जाईन तेव्हा धुमस मीच धरणार आहे.