लेकीची वेणी बाबाने कशी घालावी

माझी लेक पहिलीत गेली त्या वर्षी तिच्या आईला सकाळची पाळी लागली आणि शाळेआधीची वेणी-फणी माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी घातलेल्या दोन वेण्यांपैकी एक प्रार्थना संपण्याच्या आत सुटली आणि एका खांद्यावर वेणी, दुसऱ्या खांद्यावर मोकळे केस, अशी लेक घरी परतली. आता ती तिसरीत आहे, तिच्या आईची पाळी केव्हाच बदलली, तरीही हे काम मी परत दिलेले नाही. दिवसभरातली जी पंधरा मिनिटे मला सर्वांत जास्त आवडतात, ती हीच आहेत. म्हणून लहान मुलींच्या वडिलांना माझे मनापासून सांगणे आहे, की हे काम स्वतःहून मागून घ्यावे आणि नीट शिकावे.

सराव लेकीच्या केसांवर सुरू करू नये. दाराच्या कडीला परकराच्या तीन नाड्या एका गाठीने बांधाव्यात आणि ती झोपल्यावर रोज दहा मिनिटे त्यांची वेणी घालावी. उजवा पेड मधल्या पेडावरून आत आणला, की तोच मधला होतो. मग डावा पेड त्या नव्या मधल्यावरून आणावा आणि हेच शेवटपर्यंत करत जावे. कृती एवढीच आहे. अवघड असते ते तिन्ही पेड बोटांत धरून त्यांचा ताण सारखा ठेवणे, आणि ते वाचून येत नाही, हातालाच शिकवावे लागते. मला त्यासाठी पंधरवडा लागला.

सामान फार लागत नाही. विरळ दातांचा मोठा कंगवा, भांग पाडण्यासाठी टोकदार दांड्याचा कंगवा, पाणी फवारण्याची लहान बाटली आणि कापड गुंडाळलेली रबरे एवढे पुरते. डब्याला किंवा पुडीला लावतात तसले साधे रबर केसांना लावू नये, कारण सोडवताना ते केस तोडूनच निघते. आपण खुर्चीवर बसून लेकीला पुढ्यात पाटावर बसवावे, म्हणजे तिचे डोके आपल्या छातीच्या उंचीवर येते आणि हात दुखत नाहीत.

गुंता सोडवताना बहुतेक वडील चुकतात, मीही चुकलो होतो. कंगवा मुळापासून खाली ओढला, की वाटेतल्या सगळ्या गाठी खाली सरकून एकाच ठिकाणी घट्ट होतात आणि मुलगी रडते. सुरुवात नेहमी टोकांपासून करावी. शेवटची चार बोटे मोकळी झाली, की थोडे वरून, मग आणखी वरून विंचरत जावे. गाठीच्या वर केसांची बट मुठीत घट्ट धरून ठेवली, तर बसणारा हिसका मुठीतच थांबतो आणि डोक्यापर्यंत पोहोचत नाही. ही एक युक्ती कळली, त्या दिवसापासून आमच्या घरातले सकाळचे रडणे बंद झाले. सरळ केस ओले असताना जास्त ताणले जातात आणि लवकर तुटतात, म्हणून न्हाऊन आल्यावर ते आधी पंच्याने टिपून बरेचसे वाळू द्यावेत. कुरळ्या केसांचे मात्र उलटे असते, ते किंचित ओलसर असतानाच सोडवणे सोपे जाते.

भांग नाकाच्या शेंड्याच्या रेषेत सुरू करून टाळूवरून मागे मानेपर्यंत न्यावा. मागचा भाग वाकडा जातो, तेव्हा लेकीला हनुवटी छातीला टेकवायला सांगावे. मानेवरची कातडी ताणली जाते आणि रेषा सरळ येते. त्यानंतर प्रत्येक बाजूच्या केसांचे तीन सारखे पेड करून कानाच्या मागून सुरुवात करावी, पहिली दोन वळणे घट्ट घ्यावीत आणि प्रत्येक वळणानंतर बाहेरचे दोन्ही पेड बाजूंना हलकेच ओढावेत. घट्ट म्हणजे किती, याची परीक्षा सोपी आहे. तिला भुवया उंचावायला सांगाव्यात, आणि कानशिलाजवळ दुखले किंवा तिथली कातडी ओढलेली दिसली, तर वेणी सोडून पुन्हा घालावी. रोज फार आवळून बांधलेले केस कपाळाच्या कडेने हळूहळू विरळ होत जातात.

शाळेला वर बांधलेल्या वेण्या लागत असतील, तर वेणी निम्मी झाल्यावर रिबिनीचा मध्य मागून टेकवून तिची दोन टोके बाहेरच्या दोन पेडांबरोबर गुंफत न्यावीत, खाली एक गाठ मारावी, मग वेणी दुमडून शेंडा मुळाशी आणावा आणि उरलेल्या रिबिनीचे फूल बांधावे. गुळगुळीत, चकचकीत रिबीन घसरते. सुती रिबीन दिसायला साधी असली, तरी शाळा सुटेपर्यंत टिकते.

आता मुख्य गोष्ट. वेणी घालताना लेकीची पाठ आपल्याकडे असते, तिला आपला चेहरा दिसत नाही आणि आपल्याला तिचा. बहुधा म्हणूनच जी गोष्ट जेवताना विचारूनही बाहेर येत नाही, ती इथे न विचारता येते. एकदा डावी वेणी अर्धी झाली असताना ती म्हणाली, “बाबा, माझी मैत्रीण आता माझ्या बाकावर बसत नाही.” माझे हात क्षणभर थांबले आणि तीही लगेच थांबली. तेव्हापासून मी पाळत आलेला नियम असा, की हात थांबवायचे नाहीत, तिला आपल्याकडे वळवायचे नाही आणि लगेच उपाय सांगायचा नाही. “मग आता कुठे बसते?” एवढेच विचारावे आणि पुढचे वळण घ्यावे. त्या दिवशी उजवी वेणी संपेपर्यंत सगळी हकिकत मला कळली होती. घाईच्या सकाळी सरळ पोनी बांधून मोकळे होण्याचा मोह होतो, पण पोनी दोन मिनिटांत होते आणि दोन मिनिटांत लेक काही सांगत नाही. त्यापेक्षा गजर पंधरा मिनिटे आधीचा लावावा.

रविवारी तेल लावावे. थंडीत खोबरेल बाटलीतच थिजते, तेव्हा बाटली गरम पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ उभी करावी. तेलाने केस लवकर वाढतात असे समजू नये. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतात. मात्र खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी झीज कमी करते, शिवाय बोटांच्या पेरांनी डोके चोळून घेताना लेक हळूहळू मागे रेलत येते आणि तिचे सगळे वजन आपल्या गुडघ्यांवर येते, हे सुख आहेच.

कधीतरी उवा होणारच. शाळेतून निरोप आला, तर तिला ओरडू नये आणि तिच्यादेखत घरात चर्चाही करू नये. उवा उड्या मारत नाहीत की उडत नाहीत. डोक्याला डोके लावून खेळणाऱ्या कोणत्याही मुलीला त्या होतात, त्याचा स्वच्छतेशी संबंध नाही. ओलसर केसांत बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवून दर वेळी पांढऱ्या कापडावर पुसावी. औषध डॉक्टरांना विचारून लावावे आणि बहुतेक औषधे 7 ते 10 दिवसांनी पुन्हा लावावी लागतात, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या लिखांतून तेवढ्यात नव्या उवा बाहेर येतात. रॉकेल मात्र कधीही लावू नये. त्याने कातडी भाजते आणि ते पेटण्याचा धोका असतो.

नवरात्रात भोंडल्याला जाताना तिला फुले हवी असतात. त्या दिवसांत बाजारात शेवंतीची वेणी मिळते (आपल्या भाषेत केसांची वेणी आणि फुलांची वेणी यांना एकच शब्द आहे, याचा मला फार आनंद वाटतो). ती वेणीच्या मुळाशी टेकवून दोन्ही टोकांना आणि मध्ये एकेक आकडा लावावा, आणि आकडा डोक्याला टोचेल असा उभा न खोचता केसांखालून आडवा सरकवावा. एरवी अबोलीचा गजरा हलका असल्यामुळे लहान मुलींच्या बारीक केसांत चांगला राहतो.

एखाद्या सकाळी ती म्हणेल, की आज मी घालणार. घड्याळाकडे न पाहता तिला घालू द्यावी. आम्ही कडीवरच्या त्या तीन नाड्या आता खिडकीच्या खालच्या गजाला, तिचा हात पोहोचेल अशा बांधल्या आहेत. तिला पेड जमतात, ताण अजून जमत नाही. मागचा भांग मात्र तिला अजून बरीच वर्षे स्वतःचा स्वतः पाडता येणार नाही, आणि तो मी पाडून देतो.