या चुका टाळा: ग्राइंडर आणि ड्रिलने गंज काढताना

सर्वांत धोक्याची चूक काम सुरू होण्याआधीच होते: वायर ब्रशवरचा वेगाचा आकडा न वाचता तो मशीनवर चढवणं. ड्रिलसाठीचे दांडीवाले वायर ब्रश बरेचदा मिनिटाला ४,५०० फेऱ्यांपर्यंतचेच असतात आणि छोटा अँगल ग्राइंडर ११,०००च्या आसपास फिरतो. अशा वेगाने ब्रश फुटतो, तारा सुयांसारख्या उडतात. ब्रशवर लिहिलेला कमाल वेग मशीनच्या वेगाइतका किंवा जास्तच हवा. नवा ब्रश लावल्यावर बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळा फिरवा; सैल तारा तेव्हाच निघून जातात.

दुसरी चूक म्हणजे जोर लावणं, आणि ती जवळपास सगळेच करतात. तार घासते ती टोकाने. दाबलं की तारा आडव्या पडतात, वाकून वाकून मुळाशी तुटतात आणि गंज निघण्याऐवजी नुसता चकाकतो. हा काळपट, गुळगुळीत थर साफ पत्र्यासारखा दिसतो, म्हणून फसायला होतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ओरखडा काढून बघा: तपकिरी भुकटी आली तर गंज अजून तिथेच आहे, आणि त्यावर मारलेला प्राइमर पापुद्र्यासारखा सुटेल. अशा जागी ब्रश सोडून ८० नंबरची फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पट्ट्या लावलेली चकती) हलक्या हाताने फिरवा. जाड पापुद्रे मात्र आधी स्क्रेपरने पाडा, तेल-ग्रीस पुसून घ्या. नाहीतर ब्रश तेच सगळीकडे फासतो.

फ्लॅप डिस्क गंजाबरोबर धातूही खाते. पातळ पत्र्यावर एकाच जागी धरली तर पत्रा निळा पडतो, वाकतो. आटे आणि बेअरिंग बसायच्या जागा यांच्यापासून ती लांबच ठेवा. तिथे बारीक तारांचा ब्रश किंवा गंज काढायचं रसायन बरं.

कडेवर काम करताना ग्राइंडर झटका देतो. तारा कडेवरून बाहेर निघतील अशा दिशेने ब्रश धरा, कडेत घुसतील असा नाही. वस्तू व्हाइसमध्ये घट्ट आवळा, गार्ड काढू नका आणि मशीन दोन्ही हातांनी धरा. साधा चष्मा पुरत नाही. बाजूने बंद गॉगल आणि त्यावर फेस शील्ड हवंच, कारण तुटलेली तार कापडातूनही आत घुसते. सैल बाह्या आणि लोंबते कापडी हातमोजे नकोत. धुळीचा मास्क लावा. जुन्या रंगात शिसं असण्याची शंका असेल तर तो कोरडा घासूच नका. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते, तिला ग्राइंडर लावू नका.

स्टेनलेसवर साध्या पोलादी तारांचा ब्रश चालवला तर लोखंडाचे कण रुततात आणि काही दिवसांत तिथेच तांबूस डाग उठतात. स्टेनलेस तारांचा वेगळा ब्रश ठेवा, तो इतर लोखंडावर वापरू नका.

उघडं झालेलं लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होतं. धूळ झटका, थिनरच्या फडक्याने पुसा (ठिणग्यांचं काम पूर्ण थांबल्यावरच), उघड्या हाताने स्पर्श न करता त्याच दिवशी प्राइमर मारा.