दोन शेजारी शहरांचे पावसाळी पाण्याचे नियम ताडून पाहताना या चुका टाळा

बांधकाम करताना आवारात पडणारं पावसाचं पाणी किती अडवायचं आणि किती बाहेर सोडायचं, याचे शेजारशेजारच्या दोन शहरांचे नियम ताडायचे म्हटलं की बहुतेक जण आधी तक्ता आखतात. डावीकडे एक शहर, उजवीकडे दुसरं, समोर मिलिमीटर. ज्याचा आकडा मोठा त्याचा नियम कडक, असा निकाल लावून मोकळे. घोळ तिथेच सुरू होतो.

नुसता आकडा पाहणे

समजा, एक शहर म्हणतं पहिला 25 मिमी पाऊस आवारातच जिरवा किंवा साठवा. शेजारचं म्हणतं 20 मिमी. आता 4000 चौरस मीटरचा भूखंड घ्या, त्यात 3000 चौरस मीटर छप्पर आणि काँक्रीट. पहिल्या शहराचे 25 मिमी फक्त पाणी न मुरणाऱ्या भागाला लागू असतील, तर साठवण 75 घनमीटर. दुसऱ्याचे 20 मिमी अख्ख्या भूखंडाला लागू असतील, तर 80 घनमीटर. मवाळ वाटलेल्या शहरातच टाकी मोठी बांधावी लागली! एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवलं तरी हे पडताळायला पुरतं.

‘पूर्वीइतकंच पाणी बाहेर सोडा’ हे वाक्य वरवर वाचणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. दोन्ही शहरांच्या नियमात हे वाक्य शब्दशः सारखं सापडतं, आणि वाचणारा ‘दोन्हीकडे समान’ असं लिहून पुढे सरकतो. पण पूर्वी म्हणजे कधी? एका शहरात त्याचा अर्थ ‘अर्ज करण्याच्या दिवशी जागा होती तशी’, दुसऱ्यात ‘जागेवर काही बांधलंच नव्हतं तेव्हाची’.

वरच्याच भूखंडावर आज सगळीकडे नुसतं पार्किंगचं काँक्रीट आहे असं धरा. पाऊस ताशी 60 मिमी. प्रवाह काढायची नेहमीची रॅशनल मेथड (गुणांक गुणिले पावसाचा वेग गुणिले क्षेत्र; गुणांक म्हणजे पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) वापरली आणि काँक्रीटचा गुणांक 0.9 घेतला, तर सेकंदाला 60 लिटर पाणी बाहेर पडतं. जुन्या गवताळ जमिनीचा गुणांक 0.2 धरला तर साधारण 13 लिटर. म्हणजे पहिल्या शहरात काही न करता परवानगी मिळेल आणि दुसऱ्यात बाहेर पडणारा प्रवाह चौथ्या-पाचव्या हिश्शावर आणावा लागेल. वाक्य मात्र तेच! म्हणून नियमावलीतलं व्याख्यांचं पान आधी वाचा. कंटाळवाणं असतं, पण खरा नियम तिथेच दडलेला असतो.

‘10 वर्षांतून एकदा’ आणि ‘25 वर्षांतून एकदा’ यांची थेट तुलना

गटार किंवा टाकी किती मोठ्या पावसाला पुरावी, हे नियमात असं सांगतात. 25 वर्षांतून एकदाचा पाऊस म्हणजे तो दर 25 वर्षांनी हजेरी लावतो असं नव्हे. कुठल्याही एका वर्षी तो पडण्याची शक्यता 4 टक्के, आणि सलग 25 वर्षांत किमान एकदा पडण्याची सुमारे 64 टक्के. इथवर बरेच जण येतात, पण पाऊस किती वेळाचा हे विचारायचं विसरतात. तासाभराच्या पावसाचा आकडा गटाराचा व्यास ठरवायला लागतो, 24 तासांचा तलावासारख्या साठवणीला. हे दोन आकडे एका ओळीत मांडले तर तक्त्याला काही अर्थच उरत नाही.

वेग आणि एकूण पाणी यांची गल्लत

एक शहर पाण्याचा सर्वोच्च प्रवाह कमी करायला सांगतं, दुसरं बाहेर जाणारं एकूण पाणीच कमी करायला. पहिल्यात टाकी भरून हळूहळू सोडली की काम भागतं, दुसऱ्यात पाणी जमिनीत मुरवावं किंवा वापरावं लागतं. दोन्ही शहरं एकाच नाल्यात पाणी सोडत असतील तर आणखी एक गोष्ट पाहा. खालच्या शहराने रोखून धरलेलं पाणी वरून येणाऱ्या पुराच्या ऐन वेळी सुटलं, तर नाला आधीपेक्षा जास्त चढू शकतो. कागदावर दोघांचाही नियम पाळलेला असतो.

नियम कोणाला लागू, हेही बघा. कुठे उकरलेल्या जमिनीचं क्षेत्र मोजतात, कुठे नव्याने झाकलेलं. जुनी आवृत्ती वापरण्याची चूक तर मीही केली आहे. अर्धा तक्ता भरून झाल्यावर कळलं की मुख्य नियम तोच होता, पण तांत्रिक पुस्तिका बदलली होती आणि सगळे आकडे त्या पुस्तिकेत होते.

तक्ता जुळत नसेल तर

तोच एक काल्पनिक भूखंड दोन्ही नियमावल्यांतून स्वतः चालवून पाहा आणि उत्तर घनमीटर व लिटर प्रति सेकंद यांतच लिहा. तिप्पट-चौपट फरक आला तर आधी एकके तपासा (इंच आणि मिमी, एकर आणि हेक्टर), मग क्षेत्र कुठलं मोजलं ते, मग ‘पूर्वी’ची व्याख्या. तरीही कोडं सुटलं नाही, तर मातीकडे बघा. चिकणमातीत पाणी फारसं मुरत नाही, म्हणून काही नियमावल्या अशा जागेला मुरवण्यातून सूट देतात. ती सूट बहुधा तळटिपेत असते.